दगडावरची झोप

१ सप्टेंबर, रविवार

झोपले! पुन्हा तिथेच, त्याच सपाट दगडावर, पिशवी उशाला घेऊन. डोंगर चढायला म्हणून घरातून निघाले, बूट घातले, पाण्याची बाटली घेतली, बसनं शेवटच्या स्टॉपपर्यंत गेले, जंगलाच्या फाटकातून आत शिरले — आणि पहिल्या वळणापाशी जी आडवी झाले ती ऊन तोंडावर येईपर्यंत. वर काय आहे देव जाणे. म्हणे तिथून सगळं शहर दिसतं. शहर मला खालूनही दिसतं, आणि तेवढं पुरे झालंय.

डोळे उघडले तर तो टोपीवाला म्हातारा वळणावर उभा. “काय बाई, आज पण वर नाही?” तुला काय करायचंय रे बाबा! तुरुतुरु चालतो म्हणून मी त्याचं नाव तुरतुरे ठेवलंय. दर रविवारी हजर. मी बूट बांधून चालू पडले.

घरी नणंदबाईंचा प्रश्न ठरलेला — “काय वहिनी, गेलात ना टोकापर्यंत?” म्हटलं, “हो, मस्त वारा होता.” वारा खालीही होताच, म्हणजे अगदीच खोटं नाही. “बघा, चेहरा कसा टवटवीत झालाय!” झोपून उठलेल्याचा चेहरा टवटवीत नसेल तर काय असेल?

नणंदबाई शाळेत खेळाच्या बाई आहेत. जगातल्या सगळ्या दुखण्यांवर त्यांच्याकडे एकच औषध — चाला! मी एकदा, एकदाच, म्हटलं होतं की फार थकायला होतं हो. तर म्हणाल्या, “व्यायाम नाही म्हणून थकता! रविवारी मी बसते आईपाशी. तुम्ही डोंगरावर जाऊन या. झाडं, शांतता, मोकळी हवा!” कपाळ माझं. पण रविवार मिळाला. मी मुकाट्यानं घेतला.

३ सप्टेंबर, मंगळवार

रात्र वाईट गेली. सासूबाई सारख्या दाराशी — “मला घरी जायचंय.” आई, हेच तुमचं घर. “तू कोण गं? मला घरी सोड.” दिवा लावा, पाणी द्या, हाताला धरून अंथरुणात न्या, की जरा वेळानं पुन्हा दाराशी. एकदा कडी काढून जिन्यापर्यंत गेल्या होत्या, तेव्हापासून माझा कान जागाच असतो. उजाडलं की मात्र त्या अशा घोरत पडतात! कुणाला सांगून खरं वाटायचं नाही.

मला दिवसा झोपून चालत नाही. लाँड्रीवाल्याकडून शिवणाचा ढीग येतो. पँटी आखूड करा, चेन बदला, अस्तर लावा. आज एका कोटाची बाही उलटी जोडली. उसवली. पुन्हा जोडली — पुन्हा उलटी! मग एकटीच हसत बसले.

५ सप्टेंबर, गुरुवार

ह्यांचा फोन. बोटीवरून आवाज तुटत तुटत येतो. “आई कशी आहे?” बरी. “तू?” बरी. “तू म्हणे डोंगर चढतेस? वा! कमाल आहे तुझी.” पाण्यात राहणाऱ्या माणसाला डोंगराचं केवढं कौतुक! पुढे काही बोलणार होते तर फोन कट. बरंच झालं. मी आणखी बोलले असते तर रडले असते, आणि मग ते तिकडे आठवडाभर झुरत बसले असते.

८ सप्टेंबर, रविवार

आज आगीतून फुफाट्यात!

नणंदबाईंनी स्वतःला नवं घड्याळ घेतलं आणि जुनं मला दिलं. घड्याळ कसलं, चुगलखोर आहे ते. पावलं मोजतं, नाडी मोजतं, माणूस बसून राहिला तर कुरकुर करतं. आणि सगळं जाऊन सांगतं कुणाला, तर नणंदबाईंच्या फोनला. “संध्याकाळी मी बघणार हं, वहिनी!” माझ्या मनगटावर पट्टा आवळताना केवढ्या खुशीत होत्या. मी म्हटलं, अय्या, कशाला उगीच. मनात म्हटलं, मेले.

आज मग खरंच चढायला लागले. पहिलं वळण, दुसरं वळण. तिसऱ्याला पायात गोळे आले, डोळ्यांपुढे अंधारी आली. झाड धरून उभी राहिले. माझ्यापुढून दोन पोरी गाणं म्हणत वर गेल्या. मी खाली आले, दगडावर बसले आणि रडायलाच लागले. दुःख काही नव्हतं हो, नुसती झोप हवी होती! लहान पोर झोपेला आलं की भोकाड पसरतं, तसं.

तुरतुरे आले. “पडलात का?”

“पडले नाही. हे घड्याळ पडलंय गळ्यात.”

आणि मी सगळं भडाभडा सांगून टाकलं. सासूबाई, रात्री, नणंदबाई, खोटं टोक, सगळं. घरच्यांशी तोंड उघडत नाही आणि परक्यापुढे हे असं. ऐकून घेतलं त्यांनी. मग हात पुढे केला. “द्या इकडे. मी जाणारच आहे वर. त्या यंत्राला काय कळतंय मनगट कोणाचं!”

“अहो, पण —”

“आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या मी. लोकांना बसल्या जागी वर पोचवायचं हेच काम. तुम्हालाही पोचवतो. झोपा.”

झोपले.

संध्याकाळी नणंदबाईंनी फोनमध्ये पाहिलं आणि टाळ्याच वाजवल्या. “वहिनी! पहिल्याच दिवशी एवढं? माझ्या शाळेतल्या पोरांनापण जमत नाही!” मी पाणी प्यायला उठून गेले. चोराच्या मनात चांदणं.

११ सप्टेंबर, बुधवार

काही नाही. नुसती दमलेय. लिहायलाही हात उचलत नाही.

१५ सप्टेंबर, रविवार

घड्याळ तुरतुऱ्यांच्या हातात, डोकं पिशवीवर. आजची झोप अशी लागली की उठल्यावर क्षणभर मी कोण, कुठची, काही सुचेना. सासूबाईंना रोज असंच होत असेल का? मग बिचाऱ्यांनी दार नाही उघडायचं तर काय करायचं?

तुरतुरे समोर. छाती काढून म्हणतात, “आज दोनदा जाऊन आलो वर!” दोनदा! या वयात! मी विचारलं, काय दिसतं हो तिथून? तर म्हणाले, “ते स्वतः जाऊन बघायचं असतं.” शिष्ट कुठले. उपकार करतात हे खरं, पण बढाईखोर आहेत. आमच्या नणंदबाईंशी गाठ घालून द्यायला हवी, दोघांचं छान जमेल.

नाव अजून विचारलं नाही. त्यांनीही माझं विचारलं नाही. बरं वाटतं ते. आठवडाभर सगळ्यांची कोणीतरी असते मी, तिथे कोणाचीच नसते.

१८ सप्टेंबर, बुधवार

आज सासूबाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, “फार करतेस गं पोरी. पगार काय देतात तुला इथे?”

म्हटलं, रविवार देतात.

“हां, मग चांगली माणसं आहेत,” म्हणाल्या.

२२ सप्टेंबर, रविवार

झोप छान. पण संध्याकाळी भलतंच!

नणंदबाईंनी फोन पाहिला आणि चेहरा पांढराफटक. “वहिनी, बसा. आधी बसा तुम्ही.” घड्याळानं म्हणे इशारा दिलाय. हृदयाचे ठोके अनियमित. एकदा नाही, सकाळच्या वेळात तीनचार वेळा. माझा हात हातात घेऊन नाडी बघत बसल्या. “छातीत दुखतं का? धाप लागते? अहो, बोलत का नाही तुम्ही कधी काही!” डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मला वाटायचं या बाईला शिट्टी वाजवण्यापलीकडे काही येत नाही. वाईट वाटलं मला माझंच.

आणि मला पहिला विचार काय आला? लिहायलाही लाज वाटते. वाटलं — आता दवाखान्यात ठेवतील! पांढरी चादर, पडदे लावलेले, कोणी हाक मारायची नाही. घाबरायचं सोडून मी चादरीचा विचार करत होते. डोकं ठिकाणावर नाही माझं.

२४ सप्टेंबर, मंगळवार

डॉक्टरांकडे जाऊन आलो. नणंदबाईंनी शाळेतून रजा काढली. सासूबाईंनाही बरोबर न्यावं लागलं. त्या बाकावर बसून येणाऱ्या जाणाऱ्या पेशंटला “या, बसा, चहा ठेवते” म्हणत होत्या. सगळे खूश.

मला आत झोपवलं, छातीला वायरी चिकटवल्या. त्या गार गादीवर पाठ टेकली मात्र — डोळा लागला! वायरी चिकटवणाऱ्या मुलीनं दोनदा हलवून उठवलं म्हणे. डॉक्टर कागद बघून म्हणाले, “हृदय ठणठणीत आहे. झोप मात्र दिसत नाही तुमच्या नशिबात.” मग नणंदबाईंच्या फोनमधला आलेख पाहिला आणि कपाळाला आठी. “हे मात्र बरोबर नाही. हा रविवार सकाळचा. तेव्हा चढत होतात ना तुम्ही?”

आणि तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. रविवारी सकाळी ते घड्याळ माझ्या हातावर नव्हतंच! तो मी नव्हेच! ते तुरतुरे होते.

“दुर्लक्ष करू नका,” डॉक्टर सांगत होते, “अशानं माणूस चालता चालता पडतो.” नणंदबाई मान डोलवत होत्या. मला घाम फुटला. त्यांना वाटलं, भीतीनं. भीतीनंच, पण माझ्या जिवाच्या नाही.

बाहेर आल्यावर नणंदबाईंचा हुकूम — महिनाभर डोंगर बंद! “रविवारी मी येईनच. घरात माझ्या नजरेसमोर पडून राहायचं.” घरात पडून राहायचं! नणंदबाई मिनिटामिनिटाला नाडी बघायला उठवणार, तिथे?

२६ सप्टेंबर, गुरुवार

काय करू? त्यांचं नाव माहीत नाही. घर माहीत नाही. फोन जवळ बाळगत नाहीत, ते एकदा अभिमानानं सांगितलं होतं. भेटतात ते फक्त रविवारी, फक्त तिथे. मधल्या वारी जाऊ म्हटलं तर सासूबाईंना कोणावर सोडू? आणि रविवारी जाऊ म्हटलं तर नणंदबाई दारात आडव्या पडतील.

खरं सांगितलं तरच जाता येईल. आणि खरं सांगितलं की रविवार गेला. झोपायला कोण सुट्टी देतं? डोंगरासाठी दिली होती.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

मनाला समजावून पाहिलं. घड्याळ जुनं आहे, चुकलं असेल. म्हातारा काटक आहे. त्याला घरचे असतील की, ते बघतील. आपण कशाला नसत्या भानगडीत पडा? कोण लागतो तो आपला!

पँटची शिलाई घालता घालता डोळ्यांपुढे सारखं तेच — वरच्या वाटेवर टोपी पडलेली. माझ्या पावलांसाठी चढलेला माणूस. दोनदा चढलेला! सुई दोनदा बोटात घुसली.

नाही जमायचं. उद्या सांगते.

२८ सप्टेंबर, शनिवार

सांगितलं. फोनवर. एका दमात.

नणंदबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग — “म्हणजे मी इथे माझा रविवार सोडून आईपाशी बसते आणि तुम्ही तिथे जाऊन झोपता?”

“हो.”

“झोपायचंच तर घरी झोपा ना!”

“घरी झोपू देत नाहीत.”

“कोण? आई? आई तर दिवसभर गाईसारखी शांत असते!”

“दिवसा,” म्हटलं.

फोन ठेवला त्यांनी. झालं. संपलं. मला वाटलं होतं रडू येईल, ते पण आलं नाही. भांडी घासली.

संध्याकाळी दारात उभ्या — खांद्याला पिशवी, पायात बूट, जशा काही शिबिराला निघाल्यात. “आज मी राहते. बघतेच मी. तुम्ही आतल्या खोलीत जायचं, दार लावायचं आणि बाहेर यायचं नाही.” आत बसून हे लिहितेय. बाहेर सासूबाई लेकीला विचारताहेत, “आपण कोण?”

२९ सप्टेंबर, रविवार

सकाळी दार उघडलं. नणंदबाई स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेल्या, भिंतीला टेकून. केस सुटलेले, कपाळावर टेंगूळ — आईला दारातून ओढताना लागलं म्हणे. सासूबाई गाढ झोपलेल्या. गाईसारख्या!

“हे रोज?”

“रोज.”

“दादाला माहितीये?”

“बोटीवरून काय कळणार त्यांना?”

मी चहा ठेवला. त्यांनी कप दोन्ही हातांत धरला आणि रडायला लागल्या. “मी तुम्हाला व्यायाम सांगत होते. वहिनी, मी व्यायाम सांगत होते!” मग एकदम डोळे पुसले. “जा. त्या माणसाला गाठा आधी. मी आहे इथे.”

तुरतुरे नेहमीसारखे वळणावर. नेहमीसारखा हात पुढे. “द्या.” मी घड्याळ दिलं नाही. सांगितलं सगळं. तर हसायला लागले! “यंत्रं खोटं बोलतात हो. मी यंत्रांतलाच माणूस आहे. मला काय धाड भरलीये!”

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी ओरडले. त्या शांत झाडांत माझाच आवाज मला परका वाटला. “माझा एकुलता एक रविवार घालवून सांगायला आलेय मी! घरी खरं बोलले तुमच्यापायी! आणि तुम्ही दात काढता? उद्याच्या उद्या डॉक्टरकडे गेला नाहीत तर याद राखा!” पाखरं उडाली वाटतं. वरून उतरणारी माणसं थबकली.

हसणं थांबलं त्यांचं. दगडाच्या कडेला हळूच बसले. टोपी काढून हातात फिरवत राहिले. मग विचारतात काय, तर — “म्हणजे आता तुम्ही झोपणार कुठे?”

मी घड्याळ पिशवीत टाकलं.

“उद्या जातो,” म्हणाले. “शपथ. आजचा दिवस झोपून घ्या.”

झोपले मी. ओरडल्यामुळे असेल, लगेच लागली. उठले तेव्हा ते वळणावरच बसले होते, माझ्याकडे पाठ करून. धाप लागली असेल बहुतेक, वर गेलेच नाहीत.

२ ऑक्टोबर, बुधवार

नणंदबाईंनी बोटीवर फोन लावून भावाला फैलावर घेतलं. मी बाजूलाच होते. “वहिनीनं सांगितलं नाही म्हणून तू विचारायचं नाहीस? माझंही तेच चुकलं, तुझंही!” रात्रीसाठी एक बाई ठेवायची असं ठरतंय. मिळेपर्यंत शनिवारची रात्र नणंदबाईंची. “आणि रविवारी?” मी भीत भीत विचारलं. “जा की दगडावर! पण पिशवी कशाला उशाला, नीट उशी घेऊन जा.”

हसलो दोघी. लग्नाला इतकी वर्षं झाली, एकत्र पहिल्यांदाच हसलो असू.

६ ऑक्टोबर, रविवार

तुरतुरे आले नाहीत.

वाट पाहत बसले. दर वेळी टोपी दिसली की उठायचे, दुसराच कोणीतरी असायचा. फाटकावरच्या माणसाला विचारलं, तर म्हणे, “तो टोपीवाला? या आठवड्यात नाही दिसला.” दगडावर पडले, पण झोप नाही. आज जागा उघडी उघडी वाटत होती. वाटेवरून जाणारा जो तो बघत होता. इतके दिवस कसं नाही जाणवलं?

९ ऑक्टोबर, बुधवार

शपथ मोडली असेल का त्यांनी? की गेले आणि — नको. कोट, पँटी, अस्तर. हात चालू ठेवायचे.

१३ ऑक्टोबर, रविवार

दगडापाशी एक अनोळखी बाई बसलेली. माझ्याहून लहान. “तुम्हीच का त्या? मी त्यांची सून.”

आहेत! ऑपरेशन झालं. छातीत छोटं यंत्र बसवलंय, आणि ते कसं चालतं यावरून डॉक्टरांशी वाद घालताहेत. मी तिच्या शेजारी दगडावर बसले.

मग ती म्हणाली, “डॉक्टरांनी विचारलं, रोज किती चढता. तेव्हा खरं बाहेर आलं. बाबा वर जातच नव्हते हो. उन्हाळ्यात एकदा तुम्ही इथे झोपलेल्या दिसलात, दोन टोळभैरव तुमच्या पिशवीभोवती घुटमळत होते. त्या दिवसापासून रविवारी ते या वळणाच्या पुढे गेले नाहीत. तुम्ही उठेपर्यंत इथेच येरझाऱ्या घालायचे.”

मी बढाईखोर म्हणत होते त्यांना.

“आज पहाटेपासून माझ्या मागे लागलेत,” ती म्हणाली. “जा, ती बाई एकटी झोपते. तुम्ही झोपा ताई, मी बसते इथे.”

कसली झोप!